खुलासा : काळा गूळ म्हणजे सेंद्रिय, हे खरं नाही

निपाणी-संकेश्वर भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘काळा गूळ सेंद्रिय, पिवळा केमिकलचा.’ यातलं अर्धंच खरं आहे. रंग उजळ करायला काही ठिकाणी हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर घालतात, आणि एकदम पिवळाधमक गूळ दिसला तर विचारावंच. पण काळा रंग शुद्धतेची खूण नव्हे.

खारवट रानातला ऊस, तोडून दोन-तीन दिवस पडलेला ऊस, रसात जास्त पडलेला चुना, यांनीही गूळ काळपट होतो. रस उकळताना वर येणारी मळी नीट काढली नाही किंवा काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, पाक करपला, तरी तेच. ढेपेचा गूळ साधारण ११८ अंश सेल्सिअसला उतरवतात. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, घट्ट गोळी झाली की काहील लगेच चुलवाणावरून काढायची. थोडा उशीर झाला की करपट वास येतो. उलट ताजा ऊस, भेंडीच्या चिकट पाण्यानं काढलेली मळी आणि बेताचा जाळ असला, तर काहीही न घालता सोनेरी ढेप पडते. अशी ढेप या मेसेजमुळे पडून राहते, हे फार वाईट आहे.

हायड्रॉसचा अंश डोळ्यांनी ओळखता येत नाही, तपासणी प्रयोगशाळेतच होते. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.