सबसिडी घेतली की जमीन जाते म्हणे! त्या मेसेजमधला एकेक मुद्दा बघू

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर तोच मेसेज परत फिरतोय, जळगावच्या चोपड्याकडूनही आला आणि नंदुरबारच्या शहाद्याकडूनही आला, खाली नाव कोणाचंच नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं की पोकरा, स्मार्ट, मॅग्नेट या राज्याच्या, बाहेरच्या बँकांच्या कर्जावर चालणाऱ्या शेती योजना म्हणजे परदेशी बँकांचा सापळा आहे, बाहेरच्या पैशाने आपल्या शेतीचं आजवर कधीच भलं झालं नाही, सबसिडी घेतली की सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि पुढे जमीन जाते, बियाणं त्यांचंच घ्यावं लागतं, शाश्वत शेतीच्या नावाखाली खतं बंद करून आपली श्रीलंका करणार, आणि तसंही शेतकऱ्याच्या हातात एक रुपया येत नाही, सगळं वरच्यावर जिरतं.

याला उत्तर द्यायलाच पाहिजे, कारण याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याची दहा-पंधरा एकर केळी आहे आणि घरात शिकलेलं पोरगं आहे तो मेसेज वाचतो, बाजूला टाकतो आणि अर्ज भरतो. घाबरतो तो दीड-दोन एकरवाला, कारण त्याच्याकडे जमिनीशिवाय दुसरं काही नाही, आणि योजना कागदावर तरी त्याच्यासाठीच आहेत.

आधी जमिनीचं बघू, कारण सगळ्यात जास्त भीती याचीच आहे. पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, त्याला वर्ल्ड बँकेने 2018 मध्ये 42 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, ढोबळमानाने 70 टक्के पैसा बँकेचा आणि 30 टक्के राज्याचा. हे कर्ज भारत सरकारने घेतलंय, वापरतं राज्य आणि फेडायचं राज्याच्या तिजोरीतून. तुमचा सातबारा, तुमचा आठ अ यात तारण म्हणून कुठेच येत नाही, ते कागद अर्जाला लावतात ते फक्त जमीन तुमची आहे का आणि किती आहे हे बघायला. मग बोजा चढल्याचं लोक सांगतात ते कुठून आलं? तर यात आधी खर्च आपण करायचा आणि सबसिडी नंतर खात्यात जमा होते, त्या आधीच्या खर्चासाठी माणूस सोसायटीकडे नाहीतर बँकेकडे जातो, कर्ज काढतो, आणि मग सातबाऱ्यावर इतर हक्कात त्या सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा लागतो. तो बोजा त्या कर्जाचा आहे, सबसिडीचा नाही. उताऱ्यावर नाव लिहिलेलं असतं हो, काढून वाचा एकदा, वर्ल्ड बँकेचं नाव कोणाच्या सातबाऱ्यावर दिसलं तर फोटो टाका ग्रुपवर.

आता बाहेरच्या पैशाने कधीच भलं झालं नाही, हा मुद्दा. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण यात खरं आणि खोटं मिसळलंय. परदेशी पैशाचा वाईट अनुभव कोणाला आला असेल तर तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यालाच. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी वर्ल्ड बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यातली 33 गावं बुडितात, तेव्हा हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता, आणि पाणी आधी शिरलं ते मणिबेलीत. पुनर्वसनाचं नीट काहीच ठरलेलं नसताना पैसा दिला होता. लोक उठले, मेधाताई पाटकरांबरोबर वर्षानुवर्षं लढले, आणि शेवटी बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, तिचा अहवाल 1992 ला आला, बँकेने स्वतःचेच नियम पाळले नाहीत असं त्यात स्वच्छ लिहिलं, आणि मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी बँकेत तपासणी पॅनेल स्थापन झालं, बँकेच्या प्रकल्पात नुकसान झालेले दोन माणसंसुद्धा एकत्र येऊन तिथे तक्रार करू शकतात. ते पॅनेल निघण्यामागे नर्मदेच्या लोकांचा लढा आहे, सातपुड्यातल्या आदिवासी बांधवांचा आहे. याचा आपल्याला अभिमान पाहिजे. पण पुढचंही बघा. बँक गेली म्हणून धरण थांबलं नाही, ते आपल्याच सरकारांच्या पैशातून पूर्ण झालं आणि विस्थापितांचे हाल त्यानंतरही चालूच राहिले. म्हणजे पैसा कुठल्या देशातून आला यापेक्षा गावाला विचारलं का, हिशोब दिला का, तक्रार ऐकली का, हे बघायचं असतं. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, की एवढा मोठा आपल्या जिल्ह्याचा इतिहास त्या मेसेजमध्ये एका ओळीनेही नाही.

भलं झाल्याचं उदाहरण पाहिजे तर रब्बीत बांधावर जाऊन बघा. जॅकी 9218 हरभरा आपल्याकडे किती जण पेरतात! त्याचं मूळ साहित्य इक्रिसॅटचं आहे, तिथे त्याचा नंबर आयसीसीव्ही 93954. काबुलीतला काक-2 पण तसाच, इक्रिसॅटच्या साहित्यातून निवडलेला आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने दिलेला. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था 1972 पासून हैदराबादजवळ पाटणचेरूला आहे, अनेक देशांच्या पैशावर चालते आणि कोरडवाहू पिकांवर काम करते. त्यामुळे बियाणं त्यांचंच घ्यावं लागतं हा मुद्दा पण इथेच निकालात निघतो, कारण हे सरळ वाण आहेत, संकरित नाहीत, घरचं चांगलं बी निवडून ठेवा, उगवण तपासा आणि पेरा, कोणी अडवत नाही. कापसाचं बी दर वर्षी विकत घ्यावं लागतं हे खरं आहे, पण ते पोकराच्या कितीतरी आधीपासून आणि पोकरा नसलेल्या गावांतही.

श्रीलंकेचं तर सरळ उलटं सांगितलंय. तिथे 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, ते काम दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने करू असं निवडणुकीत सांगितलं होतं. कोणत्या बँकेची ती अट नव्हती. भाताचं उत्पादन कोसळलं, नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली, तोवर उशीर झाला होता. आणि 2022 मध्ये तिथल्या शेतकऱ्याला खत मिळालं ते बाहेरच्याच मदतीने, त्यात आपल्या भारताने 5.5 कोटी डॉलरची उधारी देऊन पाठवलेला 65 हजार टन युरियासुद्धा होता. पोकरात युरिया बंद करा असं कलम नाही. ठिबक, तुषार, शेततळं, शेडनेट, फळबाग, विहीर पुनर्भरण, रुंद वरंबा सरी, भूमिहीन आणि विधवा महिलांना शेळ्या, असा तो प्रकार आहे. जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे बोअरचं पाणी किती खाली गेलंय हे ज्याने बघितलंय त्याला यात कट दिसणार नाही.

राहिला पैसा हातात न येण्याचा मुद्दा. पोकरात पैसा आधारला जोडलेल्या खात्यात थेट येतो, मध्ये कोणाच्या हातातून जात नाही, त्यामुळे एक रुपयाही येत नाही हे खोटं. पण त्रास आहे आणि तो लपवायचं कारण नाही. पोर्टलवर अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी, बिल अपलोड, मग शेतावर येऊन मोका तपासणी, मग पैसे, आणि यातल्या प्रत्येक पायरीवर माणूस लटकतो. दोन एकरवाल्याने ठिबकचे पैसे आधी कुठून आणायचे? तो दुकानदाराकडून उधारीवर संच घेतो, दुकानदार भाव वाढवून लावतो, आणि सबसिडी आली की ती परस्पर तिकडेच वळती होते. हे मी डोळ्याने बघतोय आणि याचा राग येतो. यावर बोला ना. अल्पभूधारकाला आधी काही उचल द्या, तपासणीला मुदत घाला, हे मागा. आणि कोणी काही सांगितलं तरी पूर्वसंमती हातात आल्याशिवाय सामान उचलू नका, अनुदान बसत नाही. गावात या योजनेची समिती असते, सरपंच तिचा अध्यक्ष असतो, लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा, कोणाला किती मिळालं ते गावाला कळू द्या.

मॅग्नेटचं नाव मेसेजमध्ये आहे पण माहिती काहीच नाही. ते एडीबीचं, म्हणजे आशियाई विकास बँकेचं कर्ज, 10 कोटी डॉलर, 2021 पासून, पणन मंडळाकडून चालतं, आणि पिकांच्या यादीत केळी आणि मिरची दोन्ही आहेत. नंदुरबारला मिरची पथारीवर उघड्यावर वाळते, अवकाळीचा एक पाऊस आला की लाल मिरची काळी पडते, ताडपत्री ओढेपर्यंत मालाची वाट लागलेली असते. केळीचं तसंच, घड तयार झाला की थांबत नाही, बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव पडला तरी कापावाच लागतो. वाळवण, पॅकहाऊस, कोल्ड स्टोरेज यासाठी शेतकरी कंपन्यांना यातून मदत मिळते. आपल्या किती गटांनी अर्ज केले? व्यापारी करतात, आपण मेसेज वाचत बसतो.

आणि एक गोष्ट मेसेज बनवणाऱ्याला माहीत नसावी. पोकराच्या पहिल्या टप्प्यात 15 जिल्हे होते, मराठवाड्याचे आठ, विदर्भाचे सहा आणि आपल्याकडचा एकटा जळगाव. धुळे-नंदुरबार त्यात नव्हतेच! म्हणजे शहाद्याच्या शेतकऱ्याला ज्या योजनेच्या बोजाची भीती घातली जातेय ती योजना त्याच्या जिल्ह्यात आलीच नव्हती. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्यात पावसाची काय गत असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, कोरडवाहू कापूस आणि बाजरी, विहिरी फेब्रुवारीत तळ दाखवतात. त्या तालुक्याला का वगळलं, हा प्रश्न आमदार-खासदारांना लेखी विचारायला पाहिजे. कोणी निवेदन लिहीत असेल तर सांगा, सही करायला आणि कलेक्टर ऑफिसला सोबत यायला मी तयार आहे.