हे पुस्तकात नाही!

‘देवदास’ बघायला गेलो तेव्हा आमच्या रांगेत पुस्तक वाचलेली मी एकटीच. सासूबाई, दोघी नणंदा, शेजारच्या काकू, सगळ्या माधुरीसाठी आलेल्या. साल 2002. माधुरी लग्न करून अमेरिकेला गेलेली, त्यामुळे माहेरवाशीण येणार असल्यासारखी थिएटरात लगबग. मला मात्र मूळ बंगाली कादंबरीतली, शरदबाबूंची (म्हणजे शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची) पारो, देवदासची बालमैत्रीण, भेटायची होती. मामा वरेरकरांनी भाषांतरं करून शरदबाबूंना मराठीत असं काही रुजवलं होतं, की माझ्या आजीला ते मालवणकडचेच कुणी वाटायचे.

सिनेमा सुरू झाला आणि देवदास लंडनहून परतला.

“कलकत्ता,” मी पुटपुटले.

“काय गं?” सासूबाई.

“पुस्तकात तो कलकत्त्याहून येतो, आई.”

“असेल. लंडनहून येताना वाटेत लागत असेल.”

तालसोनापुरात, देवदासच्या गावी, भाव खायला कलकत्ताच पुरेसं होतं हो. विलायती बूट, हातात छडी, सोन्याचं घड्याळ, की झाला साहेब. पण इथे पारोने त्याच्या नावाने दहा वर्षं दिवा तेवत ठेवलेला. पुस्तकातली पारो असले दिवे लावत नाही. तिचे वडील नीलकंठ चक्रवर्ती म्हणजे थोडीफार जमीन, दोन-चार घरचे यजमान आणि जमीनदाराच्या वाड्यावरून काही मिळेल ही आशा. पडद्यावर त्यांचं घर रंगीत काचांचं! “एवढ्या काचा पुसायला बाई किती घेत असेल?” काकूंनी विचारलं. त्या सिनेमाबद्दल मी ऐकलेला हा सगळ्यात मार्मिक प्रश्न.

माझं खरं दुखणं इथेच आहे. ही गोष्ट शेजारच्या घराची आहे. लग्न मोडतं त्यात ‘शेजारची पोर सून कशी करायची’ हेही एक कारण असतं. पारो रात्री लाजलज्जा सोडून एकटी चालत त्याच्या खोलीत येते. अंतर हाकेचं. आणि या पठ्ठ्याला तेवढं अंतर आयुष्यभर कापता येत नाही. घरांचे महाल केले की बिचाऱ्या देवदासचा दोष निम्मा कमी होतो. एवढ्या जिन्यांवरून कुणीही दमेल!

पुस्तकात तो तळ्याच्या घाटावर तिच्या कपाळावर मारतो ते मासे धरायच्या गळाच्या काठीने. जे हातात होतं ते. सिनेमात हाराने. मारायलासुद्धा सराफाकडचा माल.

मध्यंतरात वडा खाऊन मी शांत झाले. पण दुर्गापूजा आली, पारो चंद्रमुखीच्या, म्हणजे तवायफ झालेल्या माधुरीच्या, अंगणातली माती मागायला गेली आणि थोड्याच वेळात दोघी लाल काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून नाचायला लागल्या. पुढून शिट्ट्या, चिल्लर.

“अहो, पुस्तकात या दोघी एकमेकींना भेटतच नाहीत!” हे मी जरा मोठ्यांदा बोलले असणार.

“ओ ताई, घरी जाऊन वाचा की,” मागून आवाज.

सासूबाईंनी माझा हात थोपटला. “अगं, लिहायचं राहून गेलं असेल त्यांचं.”

बिमल रॉयनीही 1955 मध्ये पुस्तक सोडलं होतंच. त्यांच्या ‘देवदास’मध्ये दोघी रस्त्यात समोरासमोर येतात, एक पालखीत, एक पायी. नुसतं बघतात आणि आपापल्या वाटेने जातात. बेइमानी करावी तर अशी. इथे मात्र गाठ पडली रे पडली की घुंगरू. पुढे 2015 साली या आमच्या ‘देवदास’च्याच दिग्दर्शकाने, संजय लीला भन्साळींनी, ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानीला पिंगा घालायला लावला आणि पुणं खवळलं, तेव्हा मला काडीचंही नवल वाटलं नाही. आमचा पिंगा आधीच झाला होता.

शेवटी पारो धावली. पदर जमिनीवर लोळतोय, दरवाजे बंद होतायत, आमची अख्खी रांग मुसमुसतेय. रिक्षात सासूबाईंनी नाक पुसत विचारलं, “पुस्तकात काय होतं गं?”

सांगितलं. बैलगाडीतून तो रात्री पारोच्या सासरी, हातीपोत्याला येतो, तिच्या दारासमोरच्या झाडाखाली पडून राहतो, सकाळी जातो. ती आतच असते, बाहेर कुणीतरी मेलं एवढंच तिच्या कानावर येतं. तो देवदास होता हे कळून ती धावत सुटते, तोवर प्रेत अर्धंमुर्धं जाळून झालेलं असतं.

“म्हणजे भेट नाहीच?”

“नाही.”

“मग बदललं ते बरंच केलं,” सासूबाई म्हणाल्या. तरी घरी आल्यावर पुस्तक मागून घेतलं. फार जाड नाहीच ते. दुपारच्या झोपा मोडून त्यांनी संपवलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

“पारो एकदाही नाचत नाही, चंद्रमुखी तर चक्क खेड्यात जाऊन राहते. पिक्चरचं काही म्हणजे काही घेतलेलं नाही यात.”