परदेशातून : ज्यांना दारच नाही, त्यांची साक्षरता

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या एका बेघर निवाऱ्यात मी दर बुधवारी संध्याकाळी मोठ्या माणसांना वाचायला शिकवते. पहिल्याच वर्षी पन्नाशीचा एक गवंडी आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात अकरा पाकिटं. एकही फोडलेलं नाही. एकात घर रिकामं करण्याची नोटीस होती. येत्या 56 दिवसांत कुणी बेघर होणार असेल, तर कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या पालिकेनं, आधीच मदतीला यायचं, असा इंग्लंडमध्ये 2017 चा कायदा आहे. पण मदत मागायला आधी पाकीट फोडावं लागतं. याला वाचता येत नव्हतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती. बेघरांसाठी काम करणाऱ्या सेंट मंगोज या तिथल्या संस्थेनं 2014 मध्ये तिच्याकडे मदतीला आलेल्या बेघरांची पाहणी केली, तेव्हा सुमारे निम्म्या लोकांना रोजच्या व्यवहारापुरतंही इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं.

ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या नातेवाइकांमध्ये पुलाखालच्या माणसांचा विषय निघाला, की दोनच बाजू पडतात. एक म्हणते, हटवा. दुसरी म्हणते, रात्रनिवारे वाढवा. मी दुसरीच्या बाजूनं आहे. शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा हा निकष सरकारी योजनेनंच घालून दिला होता. पण या माणसांना वाचता येतं का, हे कुणीच विचारत नाही. त्यांना रस्त्यावर आणणारा लातूर-धाराशिवकडचा दुष्काळ आणि ठाण्यातलं घरभाडं अक्षरओळखीनं हटणार नाही, हे मला कळतं. तरीही रस्त्यावर आलेला माणूस तिथेच का अडकून राहतो, याचं एक उत्तर मला त्या अकरा पाकिटांत दिसलं.

पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी केंद्राचा ‘उल्लास’ कार्यक्रम 2022 पासून 2027 पर्यंत आहे. राज्यात 2023 मध्ये शिक्षक संघटनांनी त्याच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला. अशैक्षणिक कामांचा बोजा नको, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. पण त्या वादात मूळ प्रश्न राहून गेला. निरक्षर शोधायला घरोघरी जायचं, तर ज्याला घरच नाही त्याची नोंद कोण करणार?

जानेवारीत ठाण्याला आले होते. तीन हात नाक्यावर गजरे विकणाऱ्या एका बाईनं हाक मारली, “ताई, एवढं वाचून दाखवा की.” तिच्याही पिशवीत कागदच. आधार कार्ड, दवाखान्याचा केसपेपर, बाळाचं लसीचं कार्ड. पुढच्या डोसची तारीख उलटून पंधरा दिवस झाले होते. मी वाचून दाखवलं, तसं तिनं कार्ड हातात घेतलं आणि त्या तारखेवर बराच वेळ बोट ठेवून उभी राहिली.

याच नाक्यावरच्या पुलाखाली 2016 पासून मुलांसाठी सिग्नल शाळा भरते. महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेनं उभी केलेली ही शाळा म्हणजे ठाण्यानं केलेलं फार मोठं काम आहे. मुलं जिथे राहतात, तिथेच शाळा गेली. मोठ्यांसाठीही वर्ग असाच त्यांच्यापाशी जायला हवा, आणि त्याचा खर्च महापालिकेनं उचलायला हवा. पाठ्यपुस्तक म्हणून त्यांच्या पिशवीतले कागदच घ्यावेत : केसपेपर, रेशनचा अर्ज, मजुरीचा हिशेब, टीएमटीच्या बसवरची पाटी.

शिकायला वेळ कधी मिळेल, असं मी त्या बाईला विचारलं होतं. म्हणाली, “गजरं संपल्यावर. नऊच्या पुढं.” मग वर्ग नऊनंतरच भरवायला हवा.