शेजारच्या गावची गोष्ट

परवा एका शाळेत कथाकथन स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेची जत्रा, म्हणजे गड्डा, चालू होता, होम मैदानावरचे पाळणे आणि भोंगे थेट वर्गात ऐकू येत होते, त्यामुळे निम्म्या पोरांचं लक्ष खिडकीबाहेर. त्यात सहावीतला एक पोरगा उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांना गप्प केलं.

गोष्ट आपल्याकडं बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल. पेंढारी गावात शिरतात, सावकाराला धरतात. पैसा कुठं पुरलाय सांग म्हणतात. सावकार मार खातो, खातो आणि शेवटी म्हणतो, "माझ्याकडं काय नाही ओ. सगळं ओढ्यापलीकडच्या गावात पाटलाच्या पेवात ठेवलंय. तो नाही म्हणेल, रडेल, देवाची शपथ घेईल. ऐकू नका. जितकं रडेल तितकं जास्त ठेवलंय समजा." पेंढारी घोडी वळवतात. सावकार चुलीखालचा हंडा उकरतो, बैलगाडीत घालतो आणि सोलापूरच्या किल्ल्याची वाट धरतो. पोरानं धोतर सावरत पळणारा सावकार असा काय केला की वर्ग लोळायचा बाकी राहिला. शिक्षकही हसले. खरं सांगायचं तर मीपण हसलो.

मग ५० पैकी मी ३१ दिले आणि शेजारच्या मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. त्यांचे ४७ होते.

ही गोष्ट मला माझ्या आजीनं सांगितलेली. आजी आईची आई. तिचं माहेर ओढ्यापलीकडचं.

आधी पेंढाऱ्यांबद्दल थोडं, कारण हल्ली लोक त्यांना सिनेमातले डाकू समजतात. शिंदे-होळकरांच्या फौजांमागं फिरणारी ही टोळकी. पगार नाही, लूट हाच पगार. दसरा झाला, नद्यांना उतार पडला की निघायची. तंबू नाही, तोफा नाही, सामानसुमान नाही. भाला, घोडा आणि दोन-चार दिवसांच्या भाकऱ्या. सगळी ताकद वेगात. आज इथं, उद्या वीस कोसांवर. म्हणजे एका गावात बसून चार दिवस खणायला त्यांच्याकडं वेळच नसायचा. पैसा कुठं आहे ते कोणीतरी तोंडानं सांगावं लागायचं, आणि तेही लगेच.

त्यासाठी तोबरा. घोड्याला दाणा खायला तोंडाला बांधतात ती पिशवी. तिच्यात गरम राख भरायची, माणसाच्या नाकातोंडावर बांधायची आणि पाठीत दणके घालायचे, म्हणजे श्वास आत ओढावाच लागतो. १८१६ साली गुंटूरच्या बाजूला पेंढाऱ्यांनी साडेअकरा दिवसांत ३३९ गावं लुटली. इंग्रजांनी नंतर मोजदाद केली ती अशी: मेलेले १८२, जखमी ५०५ आणि हाल केलेले ३६०३. हा तिसरा आकडा नीट बघा. मेलेला माणूस जागा सांगत नाही, म्हणून मारायची घाई नव्हती.

आता यात ओढ्यापलीकडच्या पाटलाला उभा करा.

ज्याच्याकडं काही असतं तो कधीतरी "घ्या बाबांनो" म्हणून सुटतो. ज्याच्याकडं काहीच नाही त्यानं सुटायचं कसं? शिवाय सावकारानं आधीच सांगून ठेवलंय की तो रडेल. त्यामुळं पाटील "नाही ओ, खरंच नाही" म्हणाला की पुरावा झाला. गप्प बसला तरी पुरावा. त्या गोष्टीतली खरी हुशारी हीच आहे, आणि पोरानं ते वाक्य फार झकास म्हटलं. अंगावर काटा आला माझ्या.

आजीच्या सांगण्यात सावकार जवळजवळ नसायचाच. "वरच्या गावच्या एकानं बोट दाखवलं," एवढंच. मग पेव यायचं. शहरातल्या पोरांसाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं ज्वारीचं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. बाजूनं कडबा-भुसा लावून ज्वारी भरायची, वर फरशी, वर माती. उघडलं की लगेच उतरायचं नाही, आत कोंडलेली हवा असते. दिवा सोडून बघायचा. विझला तर थांबायचं.

पाटलानं स्वतः पेव उघडून दाखवलं म्हणे. ज्वारीच होती. पेंढारी म्हणाले, सोनं खाली असणार. मग सगळी ज्वारी वर काढली, गावातल्याच माणसांकडून. दिवा सोडायलासुद्धा थांबू दिलं नाही. खाली काही नव्हतं. मग त्या ज्वारीवरून घोडी नेली. किती माणसं गेली ते आजी पटकन सांगून मोकळी व्हायची, पण ज्वारीपाशी हमखास थांबायची. "वर्षाचं खाणं होतं रे," म्हणायची, आणि हातानं जमिनीवरचे दाणे गोळा केल्यासारखं करायची. तिच्या लहानपणापर्यंत तिच्या गावातली पोरगी वरच्या गावात देत नव्हते. कारण विचारलं तर म्हातारी माणसं म्हणायची, "तिथली माणसं हुशार आहेत."

मॅडमचं म्हणणं होतं, गोष्ट आहे सर, मनोरंजन म्हणून बघा. बघितलं असतं. पण मीही एकदा बोट दाखवलंय.

अकरा-बारा वर्षांचा असेन. आमच्या भागात एका आवारात चिंचेची मोठी झाडं होती. गल्लीतली आम्ही चौघं भिंतीवरून उड्या टाकायचो. एकदा बाकीचे पळाले आणि मी राखणदाराच्या हाती सापडलो. त्यानं कान पिळला, "बोल बे, अजून कोण होतं?" मी एक क्षण थांबलो नाही. म्हणालो, "सेटलमेंटची पोरं."

त्यानं कान सोडला. नाव विचारलं नाही, किती होती विचारलं नाही. ते एवढ्यावर भागलं कसं हे समजायला मला पुढं बरीच वर्षं लागली. सोलापुरात सेटलमेंट म्हणजे काय ते जुन्या माणसांना सांगायला नको. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढं कैकाडी, पारधी, टकारी अशा कित्येक जमातींची अख्खी कुटुंबं आपल्याकडं तारेच्या कुंपणात आणून ठेवली. हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं, परत कुंपणात. जन्मलेलं पोरही कागदावर गुन्हेगारच. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, लोक विमुक्त झाले. मी चिंचा चोरल्या तेव्हा त्या गोष्टीला तीस वर्षं उलटून गेली होती. तरी राखणदाराला त्या एका शब्दापुढं काही लागलं नाही. सावकाराला निदान "तो रडेल" वगैरे रचावं तरी लागलं होतं. मला काहीच रचावं लागलं नाही, सगळं आयतं होतं.

दोन दिवसांनी नळावर एक पोरगा दिसला, माझ्याएवढाच. हात जुन्या टॉवेलच्या झोळीत बांधलेला. तो सोलापुरी टॉवेल होता, निळ्या पट्ट्यांचा, आमच्याही घरी तसाच होता. चिंचांच्या चोरीवरून राखणदारानं मारलं असं कोणीतरी म्हणत होतं. तो उजव्या हातानं घागर भरत होता. मी बादली भरली आणि घरी आलो. आईला सांगितलं नाही.

आणि २०१८ मध्ये राईनपाडा झालं. १ जुलै, धुळे जिल्ह्यातला आठवडी बाजार. मुलं पळवणारे आलेत अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजातली भिक्षा मागायला गेलेली पाच माणसं जमावानं ठेचून मारली. त्यातली बरीचशी आपल्या मंगळवेढा तालुक्यातली होती. तिथं तर बोट दाखवणारा कोण हेही शोधावं लागत नाही, पुढं पाठवा म्हटलं की झालं. ती बातमी वाचताना मला ती टॉवेलची झोळी आठवली. का ते वेगळं लिहीत नाही.

तर स्पर्धा. मॅडमचे ४७, तिसऱ्या परीक्षकांचे ४५, पोरगा पहिला आला. आलाच पाहिजे होता, सांगतो फार सुंदर. बक्षीस घेऊन झाल्यावर तो माझ्याकडं आला. कोणीतरी गुण फोडले असणार. "सर, माझं काय चुकलं?"

मी म्हटलं, "काही नाही रे. फक्त दुसऱ्या गावात पुढं काय झालं ते तू सांगितलंच नाहीस."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "पण सर, सावकाराच्या तोंडाला तोबरा होता की. मग त्यानं काय सांगायचं?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आताही नाही. राख नाकात गेलेल्या माणसाला मी काय शिकवणार? माझा तर नुसता कान पिळला होता. मी त्याला पेवाचं सांगितलं, दिव्याचं सांगितलं, ज्वारीवरून घोडी नेल्याचं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, मान हलवत होता.

"पण सर," तो म्हणाला, "हे घातलं तर मग लोक हसणार कुठं?"

उद्धटपणे नाही, खरंच विचारत होता. पुढच्या महिन्यात तालुका पातळीवर जायचंय त्याला. मी प्रमाणपत्रावर सही केली, तो गड्ड्याकडं पळाला.