ओसरीवरचं हसू

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लेखिकांवरचा हा लेख आवडला. पण त्यांच्या विनोदाला 'हलकाफुलका विरंगुळा' म्हटलंय, ते मात्र अजिबात पटलं नाही. झोरा नील हर्स्टनचंच घ्या. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावात ती वाढली. पुढे मानववंशशास्त्र शिकून ती त्याच गावी परतली, लोकांच्या तोंडचे किस्से, थापा, म्हणी टिपून घेतल्या आणि १९३५मध्ये त्यांचं पुस्तक केलं. दोनच वर्षांनी आलेल्या तिच्या कादंबरीत दुकानाची ओसरी त्याच गप्पांनी भरलेली आहे. नायिका जेनीला मात्र नवरा त्या गप्पांत बसू देत नाही. म्हणूनच ती एके दिवशी चारचौघांत त्याला सणसणीत टोला हाणते, तेव्हा हसता हसता माझ्या अंगावर काटा आला. याला विरंगुळा कसं म्हणायचं?

युडोरा वेल्टीची १९४१ची पोस्ट ऑफिसची कथाही जरूर वाचा. घरच्यांशी भांडलेली पोस्टमास्तरीण पंखा, रेडिओ, साठवणीच्या बरण्यासुद्धा उचलून पोस्टातच राहायला जाते! शक्य असेल तर मोठ्याने वाचा, त्या बाईचा ठसका कानाला कळतो.