दहाला दोन

काल संध्याकाळी माझ्याच दारात, मी लुंगी-बनियनवर उभा असताना, मला दहा रुपयांची नोट देण्यात आली. आणि मी ती घेतली. घेतली म्हणजे हातात कोंबली गेली, पण कोंबलेली नोट लगेच परत कोंबता येते. ते काही मला सुचलं नाही. तेहतीस वर्षं सरकारी मराठी शाळेत सायन्स शिकवून मार्चअखेर निवृत्त झालेला माणूस मूठ आवळून उंबऱ्यावर उभा राहिला आणि गिऱ्हाईक पायऱ्या उतरून निघून गेलं.

झालं ते एवढंच. नातू पुण्याहून सुट्टीला आलाय. लेकीनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, बाहेरचं गारीगार नको हं, रंग असतो त्यात." मग घरीच करू म्हटलं. त्यात काय मोठंसं? खडेबाजारातून सहा कप्प्यांचा प्लॅस्टिकचा साचा आणला. काड्या मात्र पन्नासच्या पाकिटाखाली मिळेनात, तेव्हा पन्नास आणल्या. हे पाकीट मी उघडं हातात धरून गल्लीतून घरी आलो. सगळं इथंच चुकलं. घरात माणसं तीन आणि काड्या पन्नास, हा हिशेब आमच्या गल्लीत कुणी सहज सोडणार आहे होय?

पहिली खेप माझ्या विषयानंच बुडवली. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, हे मी किती पिढ्यांकडून घोकून घेतलं असेल. बाटली फुटण्याचं उदाहरण तर माझं ठरलेलं. आणि साच्यात काठोकाठ पन्हं ओतलं तेही मीच. सकाळी झाकण वर उचललेलं, काड्या पडक्या कुंपणासारख्या वेड्यावाकड्या, आणि फ्रीझरच्या तळाला पन्ह्याचा गुळगुळीत थर. तो खरवडताना आमची ही एवढंच म्हणाली, "आठवीचं पुस्तक आहे का अजून घरात?"

दुसऱ्या खेपेला गूळ जास्त झाला. पाण्यात साखर जितकी जास्त विरघळेल तितका त्याचा गोठणबिंदू खाली जातो. माझा इतका खाली गेला की सकाळी काडी ओढली तर नुसती काडी हातात आली, आणि साच्यात गारढोण लापशी. नातवानं ती चमच्यानं खाल्ली आणि विचारलं, "आजोबा, यात चॉकलेट नाही?" पुण्याचं पोर. असो.

तिसरी खेप जमत होती तर दुपारी वळीव आला. वळीव आला की आधी वीज आकाशात चमकते आणि मग घरातली जाते. अडीच तास. एकेकाळी आमच्या बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. अडीच हजार फुटांवरचं गाव. माझ्या लहानपणी टिळकवाडीतल्या कितीतरी घरांत पंखाच नव्हता, मे महिन्यात रात्री पांघरूण लागायचं. आता रस्ते रुंद झाले, झाडं गेली, घरोघरी एसीचे डबे लटकले. महाबळेश्वर गेलं, गरीब तेवढे राहिले. आणि गारवा हवा तर तो फ्रीजमध्ये करायचा, तोही वीज असली तर.

चौथी खेप उतरली. तीन कैरीच्या, तीन कोकमच्या. साचा नळाखाली दहा-पंधरा सेकंद धरला, काडी हलकेच ओढली, आणि कँडी सुळ्ळकन बाहेर. मला इतका आनंद तर पोरगी बारावी पास झाली तेव्हाही झाला नव्हता. त्या आनंदाच्या भरात मी गेटपाशी खेळणाऱ्या पोरांपैकी एकाला एक कँडी देऊन टाकली. ते पोर कोपऱ्यावरच्या अक्कांचं नातवंड निघालं.

अक्का म्हणजे आमच्या गल्लीचं आकाशवाणी केंद्र, सांबरा विमानतळापर्यंत पोचेल असा आवाज. बोलताना अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आणि उरलेलं हातवारे.

"सर, आहासा काय वो घरात?"

"या की अक्का."

"बसायला न्हाई आले. दोन द्या."

"काय दोन?"

"गारीगार. दहाला दोनच की? चौकातला तो दहाला एक देतोय, ते पण नुसतं रंगाचं पाणी."

"अक्का, मी विकत नाही हो. नातवासाठी केलंय."

अक्कांनी इकडं-तिकडं बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला. गल्लीतली कुत्रीसुद्धा त्या शांततेनं उठून बसली असतील. "लाजू नकासा सर. कष्टाचंच हाय न्हवं? आमचे हे रिटायर झाल्यावर उदबत्त्या विकत होते. सायकलवरनं. कुणाला सांगितलं न्हाई. सांगायला लागलंच न्हाई, वास यायचा."

"तसं नाही अक्का—"

"पेन्शन सुरू झाली न्हाई काय?"

"झालीय."

"किती महिने अडकलीय?"

"अडकलेली नाही. मी २००६ च्या आधी लागलेला, मला जुनी पेन्शन आहे."

"दोन हजार सहाशे?" अक्कांचा हात छातीवर गेला. "अय्यो देवा! तेहतीस वर्षं नोकरी करून दोन हजार सहाशे?"

इथं मी खरं तर वही-पेन आणून, कर्नाटक सरकारनं १ एप्रिल २००६ पासून नव्या भरतीला नवी योजना लावली, त्याच्या आधीच्यांना ती लागू नाही, असं सविस्तर लिहून दाखवायला हवं होतं. पण मी फक्त "नाही नाही" म्हणत राहिलो, आणि माणूस जितका "नाही नाही" म्हणतो तितकं समोरच्याचं "हो हो" पक्कं होतं. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. भांडी पडली नव्हती, आमची ही हसू दाबायला पातेल्यावर पातेलं आपटत होती.

"बोर्ड लावणार काय?" अक्कांनी विषय पुढं नेला.

"कसला बोर्ड?"

"लावलासा तर साठ टक्के कन्नड पायजे बघा. नुसतं मराठीत लिहिलासा तर येतात आणि काळं फासून जातात. वर मोठं कन्नड, खाली बारकं मराठी. आणि मधी इंग्लिश, म्हणजे दोन्ही बाजूचे गप."

म्हणजे बघा. १९५६ पासून आम्ही इकडचे की तिकडचे, कर्नाटकाचे की महाराष्ट्राचे, ते ठरेना. २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात पडलाय. माझी पेन्शन या राज्याची, माझं वर्तमानपत्र त्या भाषेचं, गावाचं नाव बेळगाव लिहिलं तर एकाला राग आणि बेळगावी लिहिलं तर दुसऱ्याला. या सगळ्यात एक गारीगार तेवढं बिनभाषेचं होतं. जीभ लाल झाली की ती कन्नड लाल की मराठी लाल, हे कुणी विचारत नव्हतं. तेसुद्धा अक्कांनी साठ-चाळीस करून टाकलं.

आमच्या लहानपणी गारीगारवाला सायकलला लाकडी पेटी बांधून यायचा. पेटीत भुस्सा, गोणपाट, आणि त्यात लाल, पिवळ्या, हिरव्या कांड्या. पैसे नसले तर फुटकी चप्पल किंवा रिकामी बाटली चालायची. मी एकदा वडिलांची न फुटलेली चप्पल दिली होती, त्याचा वळ अजून आठवतो. आई म्हणायची गटारीचं पाणी असतं ते. असेलही. पण त्या गटारीच्या पाण्याला जी चव होती ती माझ्या उकळून गार केलेल्या पाण्याला नाही, आणि हे मला कालच, एका गिऱ्हाइकाकडून कळलं. कारण अक्का कँडी घेऊन गेल्या नाहीत. तिथंच उभ्या राहून चोखायला लागल्या.

"साखर कमी हाय. वाचवायलायसा काय?"

"तसं नाही अक्का. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते. सरबत जेवढं गोड करतो त्याच्यापेक्षा कँडीचं जास्त गोड करायला लागतं, ते मी थोडं—"

"गिऱ्हाईकाला सायन्स सांगू नकासा," अक्का म्हणाल्या. "साखर घाला."

मग त्यांनी कोकमची कँडी जोरात ओढली. लाल रंग सगळा तोंडात, आणि काडीवर पांढरा बर्फ. त्यांनी तो बर्फ माझ्यासमोर धरला, जसा मी मुलांच्या वहीतला चुकीचा आलेख वर्गापुढं धरायचो. "हे काय वो? मालात भेसळ?"

मला राहवलं नाही. घरच्या फ्रीझरमध्ये पाणी सावकाश गोठतं, आधी निव्वळ पाण्याचे स्फटिक धरतात आणि साखर-रंग फटींत मागं सरतात, म्हणून चोखलं की पाक आधी निघून जातो. कारखान्यात साचे खाऱ्या पाण्याच्या गार टाकीत बुडवतात, तिथं झटपट गोठतं, असं मी सांगायला लागलो. बर्फात मीठ मिसळलं की तापमान उणे एकवीसपर्यंत उतरतं, हेसुद्धा सांगितलं. हा माझा आवडीचा धडा. दरवर्षी वर्गात बर्फ-मिठाचा प्रयोग करायचो आणि सोबत त्या अमेरिकन पोराची गोष्ट सांगायचो. १९०५ साली, कॅलिफोर्नियात, फ्रँक एपरसन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा सोड्याच्या पुडीचं पाणी ढवळायची काडी तशीच ठेवून रात्री बाहेर विसरला, आणि सकाळी काडीसकट गोठलेलं मिळालं. पुढं १९२४ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. पोरांना ही गोष्ट फार आवडायची, कारण त्यात विसरणाऱ्याला मार बसत नाही, पेटंट मिळतं. आणि इथं मी चार दिवस, चार खेपा, एका मिनिटासाठीही न विसरता—

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही मीठ घालायला विसरलासा."

आणि नोट कोंबली. मी म्हटलं, "अहो, पैसे कशाला, तशाच घेऊन जा." तर म्हणाल्या, "भवानी हाय. भवानीचे पैसे परत द्यायचे नसतात, धंदा बसतोय." दुसरी कँडी पदराखाली धरून पायऱ्या उतरल्या. गेटपाशी पोचल्यावर आवाज मूळ पट्टीवर गेला आणि समोरच्या गॅलरीला सांगून झालं, "सरांच्याकडं मिळतंय वो! दहाला दोन! चांगलं हाय, साखर तेवढी कमी. घ्या जरा, बिचारे सव्वीसशेत भागवतात!"

बिचारे. हा शब्द मला रात्रभर चावला. तेहतीस वर्षं या गल्लीत मी सर होतो. दहावीचे निकाल लागले की पेढे आधी माझ्याकडं यायचे. आणि एका कांडीवर मी बिचारा झालो. धंद्याची लाज नाही हो मला. अक्कांच्या यजमानांनी उदबत्त्या विकल्या, त्यात वाईट काय? पण साठ वर्षांच्या माणसानं निव्वळ हौस म्हणून कैऱ्या उकडाव्यात, गर कुस्करावा, काड्या सरळ उभ्या राहाव्यात म्हणून तासभर फ्रीजसमोर फतकल मारून बसावं, हे कुणाच्या डोक्यातच येऊ नये? रिटायर माणूस काहीही करायला लागला की त्याला पैसे तरी कमी पडतात नाहीतर डोकं.

हे मी हिला बोलून दाखवलं. ती सांडगे उलटत होती. "मी पस्तीस वर्षं उन्हाळ्यात सांडगे, पापड, कुरडया करते," ती म्हणाली. "मला कुणी बिचारी म्हटलं नाही. भवानी पण नाही दिली कुणी." आणि आज सकाळी कोथिंबीरवाली आली तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशातली ती नोट काढून तिला देऊन टाकली. म्हणजे परत करायचा मार्गही बंद.

थोड्या वेळानं गेट वाजलं. अक्कांचा नातू. पाठीमागं आणखी दोन पोरं, हाताची घडी घालून, साक्षीदारासारखी.

"सर, अज्जी म्हणाली, काडी परत दिल्यावर एक रुपया मिळतोय. सोड्याच्या बाटलीगत."

मी हात पुढं केला. त्यानं चड्डीच्या खिशातून काढून काड्या माझ्या तळहातावर ठेवल्या. चिकट होत्या. सवयीनं मोजल्या, चार भरल्या. त्या घरात गेल्या होत्या तीन.

चौथीवर नारिंगी रंग होता.