अंदमानच्या तेलासाठी एफडी मोडू नका

गेल्या रविवारी सकाळी मिरजेहून काकांचा फोन आला. "अगं, तू समुद्रात तेलाच्या विहिरीवर होतीस ना? एक मेसेज पाठवलाय, वाच आणि लगेच सांग." काका एसटीतून निवृत्त झालेत. त्यांच्या डेपोतल्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता तो, वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही खूण. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिसला आणि एका वर्गमैत्रिणीनेही पाठवला. पैसे टाकावेत की नाही, हे काकांना विचारायचंच नव्हतं. सोमवारी सहा लाखांची एफडी मोडायचं त्यांचं ठरलं होतं. प्रश्न एवढाच, की सगळे टाकू की निम्मे?

मेसेज थोडक्यात असा. अंदमानच्या समुद्रात गयाना या दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या देशाएवढा तेलाचा साठा सापडलाय, खुद्द सरकारने जाहीर केलंय. १९७४ साली बॉम्बे हाय सापडलं तेव्हा ज्यांनी शेअर घेतले, त्यांची नातवंडं आज बसून खातायत. गयानात छोट्या कंपन्यांचे शेअर शंभरपट झाले. आता आपल्याकडच्या एका छोट्या तेल कंपनीचा शेअर चाळीस रुपयांच्या आत मिळतोय, विहिरीचा निकाल तीन आठवड्यांत येणार, मग हा भाव दिसणार नाही. आणि शेवटी: बुडायची भीती नाही, कारण तेल जमिनीत आहे, ते कुठे पळून जात नाही.

कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर अजून चार जण ते शोधायला जातील. मी तिचा वार्षिक अहवाल उघडून पाहिला. गुजरातेत जमिनीवरच्या एका जुन्या क्षेत्रात छोटासा हिस्सा आहे, तेवढंच. अंदमानात ब्लॉक (म्हणजे तेल शोधायला सरकारने दिलेला पट्टा) नाही, भागीदारी नाही, काही नाही. अंदमानच्या समुद्रात आज विहिरी खोदतायत त्या ऑइल इंडिया आणि ओएनजीसी, दोन्ही सरकारी, दोन्ही मोठ्या. म्हणजे उद्या तिथे खरोखर तेलाचा समुद्र लागला तरी या कंपनीला त्यातला थेंबही मिळणार नाही. खरं तर विषय इथेच संपायला हवा. पण हे सांगितल्यावर काका म्हणाले, "पण बाकीचं तरी खरं आहे ना?" म्हणून बाकीचंही घेते.

१९७४ चं आधी. याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण आमच्या घरात बॉम्बे हायचं नाव आदराने घेतलं जातं. ओएनजीसीच्या 'सागर सम्राट' या जहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. हे खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण तेव्हा ओएनजीसी कंपनीच नव्हती. तो सरकारी आयोग होता. कंपनी झाली १९९३ मध्ये, आणि शेअर बाजारात आला त्यानंतर. १९७४ मध्ये ज्याने 'बॉम्बे हायचा शेअर' घेतला असा एकही माणूस या देशात असू शकत नाही. त्याची नातवंडं तर सोडाच. ज्याने हा मेसेज लिहिला त्याला हे माहीत नव्हतं किंवा माहीत असून त्याने लिहिलं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्याच्या सांगण्यावरून एफडी मोडायची नसते.

आता 'साठा सापडलाय' हे. याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, ती नीट सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑइल इंडियाने कळवलं, की अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १७ किलोमीटरवर, २९५ मीटर खोल पाण्यात, श्री विजयपुरम-२ या विहिरीत नैसर्गिक वायू आढळला. विहिरीची ठरलेली खोली २,६५० मीटर. २,२१२ ते २,२५० मीटरच्या पट्ट्यात सुरुवातीची चाचणी झाली तेव्हा वायू अधूनमधून पेटत होता. नमुने जहाजाने काकीनाडाला नेले, त्यात ८७ टक्के मिथेन निघाला. ही बातमी चांगली आहे, मलाही आनंद झाला. पण ती पुन्हा एकदा वाचा. तेल नाही, वायू. तोही अधूनमधून. आणि ही घोषणा करताना पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी स्वतःच सांगितलं, की साठा केवढा आहे आणि तो काढणं परवडेल का, हे पुढच्या महिन्यांत तपासलं जाईल. मेसेजवाल्याने नेमकं हेच वाक्य गाळलं. 'गयानाएवढा' हा शब्दही आला तो मंत्र्यांच्या जून २०२५ च्या मुलाखतीतून. तिथे ते शक्यतेबद्दल बोलत होते: असा साठा मिळाला तर अर्थव्यवस्था कुठल्या कुठे जाईल. 'मिळाला तर' चं 'मिळालाय' व्हायला ग्रुपवर तीन महिने पुरले.

सरकारी तोंडून आलं म्हणजे पक्कं, असं ज्यांना वाटतं त्यांनी गुजरातची जीएसपीसी आठवावी. २००५ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २० लाख कोटी घनफूट वायू सापडल्याची घोषणा झाली होती, देशातला सर्वात मोठा साठा म्हणून. त्या आकड्याच्या जवळपासही कधी पोचता आलं नाही. जीएसपीसी कर्जात बुडाली आणि २०१७ मध्ये त्या ब्लॉकमधला तिचा ८० टक्के हिस्सा ओएनजीसीने सुमारे ७,७३८ कोटींना घेतला. ती राज्य सरकारची कंपनी होती म्हणून कोणीतरी घेणारं मिळालं.

'आढळला' आणि 'साठा सापडला' यात किती अंतर असतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. भूशास्त्रात एमएस्सी झाल्यावर चार वर्षं मी समुद्रातल्या रिगवर, म्हणजे विहीर खोदणाऱ्या तराफ्यावर, मड लॉगर होते. जुहूहून हेलिकॉप्टर, मग रोज बारा तासांची पाळी. विहीर खोदताना खालच्या खडकाचा चुरा विहिरीत सोडलेल्या चिखलाबरोबर वर येतो आणि चाळणीवर पडतो. तो दर काही मीटरला बादलीत घ्यायचा, जाळीत धुवायचा, छोट्या ताटलीत पसरायचा आणि अतिनील दिव्याच्या काळ्या पेटीत ठेवून भोकातून बघायचा. तेल असेल तर कण पिवळसर, निळसर पांढरे चमकतात. याला आम्ही 'शो' म्हणायचो. शो मिळाला की आमच्या छोट्याशा केबिनमध्ये पाय ठेवायला जागा उरायची नाही. पण कॅल्साइटही चमकतो. पाइपाच्या आट्यांना लावलेलं ग्रीससुद्धा चमकतं. खरंच तेलाचा अंश असला तरी तो खडकात नुसता चिकटून बसलेला असू शकतो, वाहून वर येण्याइतका नसतो. एका विहिरीवर आम्ही रात्रभर जागलो, वायूचा आलेख दोनदा उभा चढला, सगळे एकमेकांना पेढ्यांचं विचारत होते. चार दिवसांनी तारेवरून उपकरणं खाली सोडून मोजमाप घेतलं, नमुना वर आणला, त्यात पाणी. विहीर सिमेंटने बंद करून रिग पुढच्या जागेवर गेली.

ती विहीर मोठ्या कंपनीची होती, एक कोरडी गेली तर तिला दहा खोदता येतात. हेच छोट्या कंपनीचं झालं तर काय होतं, ते दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांच्या समुद्रात दिसलं. लंडनच्या बाजारात 'डिझायर पेट्रोलियम' नावाची छोटी कंपनी होती, हजारो किरकोळ गुंतवणूकदार एकेका विहिरीच्या निकालावर पैसे लावायचे. डिसेंबर २०१० मध्ये तिने जाहीर केलं की 'रेचल नॉर्थ' विहिरीत तेल मिळालं. शेअर उसळला. काही दिवसांतच त्याच कंपनीने सांगितलं, की ते तेल नसून मुख्यतः पाणी आहे. शेअर धाडकन कोसळला. ज्यांनी 'निकाल आला, आता तरी घेऊ' म्हणून घेतला होता ते सगळे अडकले. कोणी खोटं बोललं असं नाही. पहिलं मोजमाप चुकलं, एवढंच. आमच्या पेढ्यांसारखंच.

त्याच बेटांजवळ मे २०१० मध्ये 'रॉकहॉपर'ला 'सी लायन' क्षेत्रात खरंच तेल लागलं. तिचा शेअर कित्येक पट झाला, ते नाकारत नाही. पण नंतर? २०२५ साल संपेपर्यंत तिथून विक्रीचं एक बॅरल निघालेलं नव्हतं. पंधरा वर्षं! काकांचं वय आज ७१ आहे.

गयानाचं तर नावच घ्यायला नको होतं, कारण तो दाखला मेसेजच्या उलट जातो. तिथे २०१५ मध्ये लिझा-१ विहिरीत तेल मिळालं ते एक्झॉनमोबिलला. सोबत हेस आणि चीनची सीनूक. त्यांच्या ब्लॉकमध्ये ११ अब्ज बॅरलांहून जास्त काढण्याजोगा साठा आहे. यातलं कोणीही चाळीस रुपयांच्या शेअरवालं नव्हतं. छोट्या कंपन्यांचं काय झालं? कॅनडाची सीजीएक्स एक्झॉनच्या शोधाच्या पंधरा वर्षं आधी तिथे पोचली होती. जून २००० मध्ये शेजारच्या सुरिनाम देशाच्या नौदलाच्या बोटींनी तिची रिग हाकलून लावली. सागरी हद्दीचा निकाल लागायला २००७ उजाडलं. २०१२ मध्ये विहीर खोदली, व्यापारी साठा नाही. पुढे भागीदारासोबत अजून दोन विहिरी, त्यात तेलाचा अंश मिळाला, उत्पादन नाही. आता गयाना सरकार म्हणतंय परवाना संपला आणि कंपनी म्हणतेय चालू आहे. दुसरी इको अटलांटिक. ऑगस्ट २०१९ मध्ये तिच्या ब्लॉकात तेल मिळालं, शेअर चढला. नोव्हेंबरमध्ये कळलं की तेल जड आणि गंधकयुक्त आहे, म्हणजे काढायला आणि शुद्ध करायला महाग. शेअर कोसळला. म्हणजे तेल मिळूनही माणसं बुडाली.

एक गोष्ट मात्र कबूल करते, नाहीतर उद्या कोणीतरी तोंडावर मारेल. केर्न एनर्जी. स्कॉटलंडची ही कंपनी राजस्थानात राहिली, शेल तिथून निघून गेली, आणि जानेवारी २००४ मध्ये केर्नला बाडमेरमध्ये मंगला हे तेलक्षेत्र सापडलं. ज्यांच्याकडे तिचे शेअर होते त्यांचं भलं झालं. पण केर्नकडे तेव्हा आंध्रच्या किनाऱ्याजवळचं रव्वा क्षेत्र चालू होतं, तिथून रोज पैसा येत होता. आणि मंगला जमिनीवर आहे, समुद्रात नाही. हीच केर्न नंतर २०१० आणि २०११ मध्ये ग्रीनलंडच्या समुद्रात आठ विहिरी खोदून आली, एक अब्ज डॉलरच्या वर खर्च केला आणि हाती काही लागलं नाही.

आता शेवटचं वाक्य: 'तेल जमिनीत आहे, पळून जात नाही.' काका यालाच भुलले, आणि नुकसान करणारंही हेच आहे. तेल पळून जात नाही, कंपनीचा त्यावरचा हक्क जातो. आपल्याकडे जमिनीखालचं आणि समुद्राखालचं तेल सरकारचं असतं. कंपनीला फक्त ठरावीक मुदतीचा करार मिळतो. मुदतीत कबूल केलेलं काम केलं नाही तर ब्लॉक परत द्यावा लागतो. खोल समुद्रातली एक विहीर म्हणजे शेकडो कोटी. समजा कंपनीचे दहा कोटी शेअर आहेत, भाव ४० रुपये, म्हणजे सगळी कंपनी मिळून ४०० कोटींची. ती विहिरीसाठी पैसे आणणार कुठून? नवे शेअर काढून. दहा कोटींचे वीस कोटी झाले की तुमचा हिस्सा निम्मा झाला, विहीर खोदायच्या आधीच. कोरडी गेली तर पुन्हा नवे शेअर. संचालकांचे पगार मात्र तेल लागो न लागो चालू राहतात.

आणि असे मेसेज कशासाठी फिरतात, तेही ऐका. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा मार्च २०२३ चा साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबद्दलचा अंतरिम आदेश आहे. यूट्यूबवर खोटे व्हिडिओ टाकून भाव फुगवला आणि आधीपासून शेअर धरून बसलेल्यांनी ते नव्या लोकांच्या गळ्यात मारले. छोट्या भागधारकांची संख्या सुमारे २ हजारांवरून ५५ हजारांवर गेली. त्या ५५ हजारांत किती काका असतील?

हे सगळं मी रविवारी तासभर फोनवर सांगितलं. एफडी मोडायचं काकांनी रद्द केलं. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनचे पैसे आहेत ते, हे काकूंनीच मागून ओरडून सांगितलं. मग काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, की चाळीस हजारांचे शेअर त्यांनी शुक्रवारीच घेतलेत. सोमवारी सव्वानऊला मी त्यांच्याकडून विकायची ऑर्डर टाकून घेतली. शेअर खालच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव जेवढा पडू दिला जातो त्या मर्यादेला, होता, विकणारे लाखोंनी, घेणारा एकही नाही. मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. रोज सकाळी काका फोन करतात, आम्ही दोघं मिळून ऑर्डर टाकतो आणि साडेतीनला ती रद्द होते.